चंद्रीला मराठी कळतं

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग ऐका. स्वतःच्या मूर्खपणाचं एवढं जाहीर प्रदर्शन माझ्याशिवाय कुणी भरवलं नसेल!

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. जो तो रुबाबात! पाणी मात्र टँकरचंच. त्या दुष्काळात बायकोनं फर्मान काढलं, "अवो, शेळी दादाला देऊन टाका. त्याच्या हिरीला पाणी हाय. हितं माणसालाच न्हाई, हिला कुठून आणू?"

चंद्रीला द्यायचं? जीव होता हो माझा तिच्यावर! त्याच सुमारास माकडाचा माणूस कसा झाला, त्याला भाषा कशी आली, असलं काहीबाही मी वाचत होतो. ठोकून दिलं, "हिला भाषा कळते! माणसाच्या वाटेला लागलेलं जनावर हे. असं कुणी देतं का?"

"कळती? मग दादासमोर दाखवा. कळली तर ठिवू."

झालं! रविवारी मेहुणे मुदखेडहून हजर. अंगणात अख्खी गल्ली. मी सदऱ्याच्या खिशात हात घालून विचारलं, "चंद्रे, यंदा पाऊस पडंल का?"

चंद्रीनं मान डोलावली.

"हितंच राहायचं ना?"

पुन्हा डोलावली. टाळ्या!

मेहुणे उठले. "दाजी, खिशात काय हाय?"

"काही नाही… बाभळीच्या शेंगा."

"त्या तिकडं ठिवा, मग इचारा."

ठेवल्या. विचारलं. चंद्री शेंगांकडे बघत उभी. हातवारे केले, विनवण्या केल्या, शेवटी हात जोडले. बाईसाहेब ढिम्म!

मेहुण्यांनी दाव्याला हात घातला. तेवढ्यात चंद्री मोठ्यानं ओरडली, "म्यँऽऽ!"

"आलो, आलो!" म्हणत मी बादली घेऊन धावलो. पाणी ठेवलं. ती पुन्हा ओरडली, जरा बारीक आवाजात. मी लगेच शेंगा उचलून आणल्या.

मग लक्षात आलं, सगळी गल्ली माझ्याकडे बघतेय. आणि असा हशा उठला म्हणून सांगू!

बायको डोळे पुसत म्हणाली, "दादा, सोड ते दावं. घागर भरून द्या म्हणून लगीन झाल्यापासून मी वरडून राहिले, ह्यांना ऐकू येत न्हाई. अन् हिच्या एका हाकेला बादली घिऊन पळतेत! ऱ्हाऊ दे हिला. टँकर आला की हिलाच वरडायला लावते."

चंद्री राहिली. आणि माझं म्हणणं काही अगदीच खोटं ठरलं नाही हो! आमच्या घरात एक जनावर भाषा शिकलं होतं, हे गल्लीनं डोळ्यांनी पाहिलं. फक्त ते दाव्याला बांधलेलं नव्हतं!