आडव्या सिस्टर

त्यांचं खरं नाव दवाखान्यात फारसं कुणी घेत नसे. डॉक्टरांनाही आडव्या जातात म्हणून सगळे त्यांना आडव्या सिस्टरच म्हणत. गर्भाशयाच्या मुखाची तपासणी होते त्या खोलीत त्या बावीस वर्षं होत्या. किती डॉक्टर आले आणि गेले. तपासणीच्या कॅमेऱ्याच्या पडद्याकडे डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्या सिस्टर मात्र त्याच.

एका दुपारी शिलाई कारखान्यातली एक बाई टेबलावर होती. नव्या डॉक्टरांनी आम्लाचं पाणी लावलं, तसा गर्भाशयाच्या मुखावर पांढरा डाग उमटला.

"कॅन्सरच्या आधीची पायरी आहे," डॉक्टर म्हणाले. "आत्ताच जाळून टाकू. द्या मशीन."

सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. "हिरवा दिवा लावून बघा ना एकदा."

डॉक्टरांनी नाइलाजाने लावला. हिरव्या उजेडात रक्तवाहिन्या काळ्या दिसू लागल्या. बहुतेक ठिकाणी फरशीच्या सांध्यांसारखी नीट जाळी होती. एका कोपऱ्यात मात्र दोन-तीन जाड, वेड्यावाकड्या, मध्येच तुटलेल्या.

"मला ही नुसती आधीची पायरी वाटत नाही," सिस्टर म्हणाल्या. " तुकडा तपासायला पाठवा. वरून जाळलं तर आतलं झाकलं जाईल."

"इथे निदान कोण करतं, सिस्टर?"

"तुम्हीच. म्हणून तर म्हणते, आधी ते करा, मग जाळा."

टेबलावरची बाई कोपरांवर उठली. "अहो, माझ्याच अंगाबद्दल बोलताय ना? मग मलाही सांगा की!"

सिस्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

"तुकडा काढताना दुखेल?"

"चिमटा बसेल. थोडं रक्त जाईल."

"मग काढा. त्याआधी कुणी काही जाळायचं नाही."

डॉक्टरांनी तुकडा काढला, आणि संध्याकाळी तक्रारही केली. मेट्रनबाईंनी सिस्टरांकडे माफीनामा मागितला.

"माफी कशाची? बघितल्याची?" म्हणत सिस्टरांनी कागदावर एकच ओळ लिहिली: मला दिसलं ते मी सांगितलं, उद्याही सांगेन.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर आत शिरला होता, पण जेमतेम दोन मिलिमीटर. डॉक्टरांनी स्वतः त्या बाईला फोन करून बोलावून घेतलं. ऑपरेशन वेळेत झालं, आणि दोन महिन्यांत ती पुन्हा कामावर हजर झाली.

मेट्रनबाई म्हणाल्या, "डॉक्टर तक्रार मागे घेताहेत. तुम्हीही तो कागद परत घ्या, मिटवून टाकू."

"राहू द्या दोन्ही फायलीत," सिस्टर म्हणाल्या. "पुढच्या सिस्टरला उपयोगी पडतील."

डॉक्टर तिथेच उभे होते. फाइल उचलून त्यांनीच कपाटात ठेवली.