वाळवलेला दंड

चार पैलवान एकत्र बसले की किस्से निघतातच, आणि दर बैठकीत त्यांचं वजन शेरभर वाढतं. निजामाच्या मुलखातल्या आमच्या गोरेगावच्या तालमीचे किस्से आता मी एकटाच सांगतो. मला खोटं ठरवायलाही कोणी उरलेलं नाही.

*

आमचे उस्ताद धंद्याने पिंजारी. दिवसभर कापूस पिंजायचे आणि पहाटे आम्हाला! नाल म्हणजे मूठ कोरलेला वीस शेरांचा दगड. तो एका हाताने खांद्यापर्यंत न्यायचा आणि मुंगीच्या चालीने खाली आणायचा. दंड भरतो तो खाली आणताना, असं ते सांगायचे. एकदा माझ्या हातून नाल धप्पकन पडली. उस्तादांनी मला शिव्या देण्याऐवजी दगडाचीच हात जोडून माफी मागितली. महिनाभर मला मान वर करवेना.

*

आमच्यातला नामदेव गाडीवान, आठवड्याला हळद घेऊन हद्दीपलीकडे वाशीमला जायचा. त्याच्या दंडासाठी शिंपी बाहीला पायजम्याचं माप धरायचा. मुलगी पाहायला गेला तेव्हा पठ्ठ्या मुद्दाम बाह्या सरसावून बसला. मुलीच्या बापाने दंड नीट न्याहाळला आणि राग आला की हात उचलता का, असं विचारलं. नामदेव पडला सरळ माणूस.

"अजून उचलला न्हाई," तो म्हणाला. "पर उचलला तर समोरचा उरायचा न्हाई."

लग्न तिथेच मोडलं. उस्ताद आठवडाभर हसत होते.

*

मग निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष आलं. त्याच्याविरुद्ध लढणारी पोरं हद्दीपलीकडे जमत होती, म्हणून वाशीमच्या वाटेवर, हद्दीवरच्या कनेरगाव नाक्यावर निजामाचे बंदूकवाले बसले. ते प्रत्येक तरण्याची बाही वर करून दंड दाबायचे. दंड भरलेला लागला की हा लढणाऱ्यांपैकीच, असं ठरवून त्याला बाजूला घ्यायचे. आमच्यातल्या एकाला तसंच बाजूला घेतलं. त्याची बैलं तेवढी घरी आली.

*

बाकीचे पैलवान हद्दीपलीकडे निघून गेले. माझा दंड मुळात कधी भरलाच नव्हता, त्यामुळे मला धोका नव्हता. राहिला नामदेव. घरी म्हातारी आई, तिला सोडून जाता येईना आणि गाडी हाकल्याशिवाय चूल पेटेना. उस्तादांनी त्याला दंड वाळवायला सांगितलं. एवढा आडदांड गडी, पण ढसाढसा रडला.

दोन महिने गाडी दारात उभी राहिली. उजवा हात फडक्याने छातीशी बांधलेला, पोटात अर्धी भाकर. दंड वाढला नाही म्हणून शिव्या देणारे उस्ताद आता तो उतरला नाही म्हणून शिव्या द्यायचे! शेवटी नामदेव नाक्यावर गेला. बंदूकवाल्याने दंड दाबला आणि "इसमें तो कुछ भी नहीं" म्हणून सोडून दिलं. कुस्ती जिंकल्यावर वाटला नसेल इतका गूळ उस्तादांनी त्या दिवशी वाटला.

*

उस्ताद गेले तो किस्सा शेवटचा.

हिंदी फौज आली, बंदूकवाले पळाले. मग सूड उगवायला बाहेरगावची टोळकी फिरू लागली. समोरचा मुसलमान आहे, एवढंच ती बघत होती. आम्ही उस्तादांना नामदेवच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या खोल खड्ड्यात उतरवलं आणि पेवाचं तोंड झाकलं. टोळकं दुपारभर गावातून हललं नाही.

ते गेल्यावर झाकण काढलं, तर आतून कोंदट वाफ आली. पेवातली हवा माणूस मारते, हे आम्हाला ठाऊक होतं. उस्ताद भिंतीला टेकून कसेबसे उभे होते. दोर शोधायला वेळ नव्हता. नामदेव पालथा पडला, उजवा हात खाली घातला. मी त्याचे पाय धरले. मनगट मुठीत आलं, उस्ताद हातभर वर आले आणि तिथेच थांबले. नामदेवचा दंड लटलट कापत होता. मी ओढ, ओढ म्हणून ओरडत होतो.

"सोड बेटा," खालून उस्ताद म्हणाले. "मीच म्हनलो व्हतो, वाळव म्हून."

नामदेवने सोडलं नाही. मनगटच त्याच्या मुठीतून निसटलं.