झोपलेली बार्ली

आमच्या मोडकाकांनी चाळीस वर्षं बिअरच्या कारखान्यासाठी बार्ली निवडली, भिजवली, तिला मोड आणले. पण बिअरचा थेंब कधी चाखला नाही. "लेक सासरी धाडली, की मागोमाग जाऊन डोकवायचं नसतं," म्हणायचे.

यंदा त्यांनी परदेशी वाण पसंत केला. नव्या साहेबांनी नमुना भिजवला. तीन दिवस झाले, तरी मोडाचा पत्ता नाही! साहेबांनी अहवाल ठोकला: 'बार्ली मृत. निवडणाऱ्यास घरी पाठवावे.'

"साहेब, मेली नाही हो, झोपलीय," काका म्हणाले. "कापणीनंतर या वाणाला महिना-दीड महिना झोप लागतेच."

"कारखान्यात झोपायची परवानगी कुणी दिली?"

"मला वाटलं, मीटिंगमध्ये चालते, म्हणजे सगळीकडेच चालत असेल."

साहेबांनी चिडून सगळा माल पुरावा म्हणून कुलपात टाकला. सहा आठवड्यांनी चौकशी समिती आली, तिच्यासमोर पुन्हा नमुना भिजला, आणि तिसऱ्या दिवशी दाण्या न् दाण्याला मोड!

साहेबांनी अहवाल सुधारला: 'माझ्या देखरेखीखाली पुनरुज्जीवन.' काकांची नोकरी वाचली, साहेबांना बढती मिळाली.

"मिळू दे की," फावड्यानं बार्ली पसरत काका म्हणाले. "वरच्या मजल्यावर गेले, की आमच्या पायात तरी घोटाळणार नाहीत."