पाण्याखालची सहा देवळं

चालत्या इंजिनाचा किस्सा तुम्ही कधी ऐकलाय? मी तर नाही. इंजिन बंद पडलं की माणसं भोवती जमतात आणि माणसं जमली की किस्से जमतात. आमच्याकडे तर पोतंभर जमले, कारण आमची लाँच चालायची कमी आणि थांबायची जास्त!

दुष्काळाच्या आदल्या वर्षाची गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या एका धरणावर मी फिटर होतो. कोकणातल्या खाडीत म्हातारी झालेली एक लाँच आमच्याकडे आली होती. तिचा फ्युएल पंप दर दोन दिवसांनी हवा धरायचा, मग इंजिनाला डिझेल पोचायचं नाही. ड्रायव्हर बाबूराव रोजंदारीवर. वरून पत्र आलं होतं, 'तक्रारी थांबल्या नाहीत तर लाँच दुसऱ्या धरणावर हलवू.' म्हणजे बाबूराव घरी, आणि बुडालेल्या गावातून उठून पलीकडच्या काठावर बसलेल्या लोकांना बाजारासाठी दिवसभराचा वळसा. मला बाबूरावाचीच जास्त काळजी वाटायची. त्याला चार पोरी होत्या.

*

लाँचमधला प्रत्येक उतारू शेतकरी, प्रत्येकाच्या विहिरीवर इंजिन. त्यामुळे प्रत्येक जण तज्ज्ञ!

एकदा धरणाच्या मधोमध पंप बसला. नऊ जण धोतर खोचून खाली इंजिनाशी उतरले. "आमच्या विहिरीवर मी असंच करतो," म्हणून एकानं नट सैल केला, "आमच्या विहिरीवर मी न्हाई करत," म्हणून दुसऱ्यानं तो आवळला. मला कुणी जवळ येऊ देईना. तासाभरानं इंजिन धडधडलं आणि फळीवर एक नट उरला.

मी घाबरून विचारलं, "हा कुठला?"

एक पाटील शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. कंपनीनं जास्तीचा दिला असंल!"

*

नवा पंप मागवायचा तर फॉर्म भरायचा. फॉर्म होता जीप आणि ट्रकचा. त्यात एक रकाना होता, 'वाहन बंद पडले त्या जागेजवळील मैलाचा दगड क्रमांक.' तो रिकामा ठेवला म्हणून फॉर्म दोनदा परत आला. तिसऱ्यांदा बाबूरावानं वैतागून लिहिलं, 'दगड पाण्याखाली आहे.'

महिन्यानं उत्तर आलं. 'पाणी ओसरल्यावर दगड पाहून क्रमांक कळवावा. तोपर्यंत वाहन जागेवरून हलवू नये.'

*

पंपातला पातळ पडदा फाटला, तेव्हा बाबूरावानं भजनी मंडळाच्या पेटीचा जुना भाता कापून पडदा केला. तीन आठवडे लाँच झकास चालली! पण पेटीमास्तर खवळले.

"माझा सूर तुमी पंपात घातला," म्हणाले आणि हक्कानं रोज फुकट बसू लागले. इंजिनाला कान लावून ते मान हलवायचे. एके दिवशी त्यांनी मला हाक मारली.

"फिटर, आज बेसूर लागलीय. बंद पडनार."

तिथंच बंद पडली. तेव्हापासून बाबूराव निघण्याआधी मास्तरांना विचारायचा.

*

एकदा वऱ्हाड होतं. मुहूर्ताला पाऊण तास आणि लाँच मध्येच गप्प. काठावरून मुलीकडचे हात हलवत होते, मुलाची आई रडायला लागली. शेवटी नवरदेवानंच मुंडावळ्या कानामागं सारल्या आणि तो खाली उतरला. हवा काढली, इंजिन चालू केलं, आणि कोपरापर्यंत काळे झालेले दोन्ही हात घेऊन बोहल्यावर उभा राहिला.

सासरे जावयाच्या हातांकडे बघून म्हणाले, "पोरगा कामाचा हाय का, ह्याची चवकशी घाईत ऱ्हायली हुती. झाली एकदाची!"

*

आणि मग पुण्याहून मोठे साहेब आले. लाँच ठेवायची की हलवायची, ते याच फेरीवर ठरणार होतं. सोबत त्यांचा कारकून, आणि बाजाराला निघालेली साळूबाई, मांडीवर कोंबड्यांची पाटी.

मधोमध आलो आणि पंपानं हवा धरली. मी पान्याकडे हात नेला. बाबूरावानं मात्र टोपी काढून हात जोडले.

"साहेब, खाली आमचं बुडालेलं गाव हाय. देवळावरून जाताना इंजिन बंद करायची रीत हाय."

साहेबांनी बूट काढले, डोळे मिटले. तेवढ्यात मी खाली वाकून हवा काढली. इंजिन चालू!

पाच मिनिटांत पुन्हा बंद. "मारुती," बाबूराव म्हणाला. मग खंडोबा. मग मरीआई. मग म्हसोबा. साहेबांनी बूट घालायचंच सोडून दिलं. सहाव्यांदा बाबूरावाला देवच आठवेना. "ह्यो... आमचा घरचा देव," म्हणाला. साहेबांनी त्यालाही हात जोडले आणि साळूबाईकडे वळले.

"बाई, तुम्ही याच गावच्या ना? गाव केवढं होतं?"

"चाळीस उंबरा, साहेब."

"आणि देवळं?"

बाबूरावाचा चेहरा पांढराफटक पडला. मी डिझेलचे हात पाठीमागं लपवले.

"देऊळ एकच हुतं," साळूबाई म्हणाली, "पन ही लाँच आल्यापास्नं देव लई वाढलं!"

साहेबांनी सावकाश माझ्याकडे पाहिलं, मग बाबूरावाकडे. बूट घातले, नाड्या बांधल्या आणि कारकुनाला म्हणाले, "लिहून घ्या. लाँच हलवता येणार नाही."

"कारण काय लिहू, साहेब?"

"इतकी देवळं दुसऱ्या धरणावर कशी न्यायची?"