नानांच्या छतावरचा कोबा

ड्रिल सहा इंच आत गेलं तरी स्लॅब लागेना. मी हात थांबवला. शेजारी नाना उभे होते.

एरंडोलजवळच्या एका गावात आम्ही समाजमंदिराच्या छतावर होतो. गावाच्या सामाईक सोलरसाठी छत निवडणं हे माझं काम. त्या विजेवर पिण्याच्या पाण्याची मोटर चालणार होती. पहिल्या व्हिजिटला हे छत मीच पसंत केलेलं. दक्षिण मोकळी, सावली नाही, गाव राजी. ऊन बघण्याच्या नादात पायाखाली बघायचं राहिलं. चूक माझी.

समाजमंदिर नानांनी बांधून दिलेलं, ऐन तारुण्यात गेलेल्या मुलाच्या नावानं. खाली अभ्यासिका. दहा-बारा मुली रोज तिथं बसतात.

"नाना, कोबा कितीदा टाकला?" गळती थांबवायला स्लॅबवर वीटतुकडे आणि सिमेंटचा थर देतात, तो कोबा.

"दोन-तीन सालले एकदा. पोऱ्यानी पुण्यतिथीना आगोदर. त्याना नावना छतखाले पानी नको पडाले."

जुना थर न काढता दरवेळी नवा वर चढला होता. खाली येऊन पाहिलं. बीमला तडे, गंजाचे डाग. धुळ्याला साहेबांना फोन लावला.

"पॅनल कमी करून भागेल का?"

"पॅनलचं वजन किरकोळ आहे, साहेब. छत कोब्याच्या भारानंच खचायला आलंय. मुलींना आजच बाहेर काढायला हवं."

"मग तसंच लिहा," ते म्हणाले.

नानांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे हाऊ भार मीच टाका का?"

खोटं बोलायचा मोह झाला. पण नाना उद्या पुन्हा कोबा टाकतील, हेही दिसत होतं.

"हो, नाना."

ते दाराशी गेले. "पुस्तकं उचला, माय. आठे नका बसू." मुली बाहेर आल्यावर कुलूप त्यांनी स्वतः लावलं. मला फार वाईट वाटलं.

पॅनल एका शेठजींच्या नव्या गोडाउनवर बसले. समाजमंदिराचा स्लॅब उतरवला. त्या आठवड्यात नाना तिकडे फिरकले नाहीत. मुली आता शाळेच्या एका खोलीत बसतात. मुलाच्या नावाची पाटी नानांनी तिथं नेऊन दिली, लावा म्हणाले नाहीत. मुलींनीच लावली.

हल्ली कुठल्याही छतावर गेलो की वर काय बसवायचंय ते नंतर बघतो. आजवर काय काय चढवलंय, ते आधी विचारतो.