डावीकडं कललेली बोट

कोल्हापुरात माझा धंदा बोटी धुण्या-पुसण्याचा आहे, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "हितं समुद्र कुठं हाय?" शाहूपुरीत गाळा घेतला तेव्हा शेजारचा पंप दुरुस्तीवाला मला रोज हेच विचारायचा. एकदा मी त्याला म्हटलं, समुद्र नाही, पण दोन-चार वर्षांनी नदी तुमच्या शटरपर्यंत येते की, तेवढी पुरत नाही का? त्यानंतर त्यानं विचारायचं सोडलं.

त्याआधी नऊ वर्षं मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फायबरच्या कारखान्यात फिनिशिंगला होते. घासायचं, भरायचं, पुन्हा घासायचं. ते हात घेऊन मी बाहेर पडले. तलावातल्या पॅडलच्या बोटी आणि नदीकाठच्या गावांतल्या पुराच्या बोटी, ही माझी गिऱ्हाइकं. लोकांना वाटतं, बोट धुणं म्हणजे मोठं पातेलं घासणं. पण पॉलिश करताना हात बोटीच्या इंच न् इंचावरून फिरतो. डॉक्टरसुद्धा माणसाला एवढं चाचपत नाही. कुठं तडा आहे, कुठं फुगलंय, ते डोळ्यांआधी तळहाताला कळतं.

आणि पुराची बोट गावात कशी ठेवतात, ते बघून माझं डोकं रोज फिरतं. पाणी ओसरलं की तिला शेडमध्ये ढकलायची. मग तिच्यात कडबा पडतो, मांडवाच्या कनाती पडतात, कोंबड्या अंडी घालतात. अकरा महिने तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. बाराव्या महिन्यात पूजा ठरते, मग माझा फोन वाजतो.

कुरुंदवाडच्या पलीकडच्या एका गावातून असाच फोन आला. सरपंच बोलत होते. "ताई, सोमवारी बोटीची पूजा हाय. आरशागत चमकाय पायजे. फोटो निघणार हाईत."

मी लगेच हो म्हटलं, कारण त्या गावात माझी अक्का दिली आहे. थोरली बहीण. घर नदीकडच्या गल्लीत, पाणी चढलं की पहिल्यांदा त्यांच्या उंबऱ्याला लागतं. मागच्या पुरात तिला याच बोटीतून बाहेर काढलं होतं. तिच्याबरोबर गल्लीतल्या आणखी सहा बायका होत्या. मधल्या धारेत बोट डावीकडं कलली, पाणी आत आलं, आणि एका म्हातारीला हाताला धरून ओढून घ्यावं लागलं. सगळ्या वाचल्या. पण काठावर पोचल्या पोचल्या बोट चालवणारा ओरडला, "बायका घाबरून एका बाजूला सरकल्या, म्हणून कललीती."

झालं. ते वाक्य गावानं उचललं. अक्का अंगानं थोराड, त्यामुळं चेष्टा तिच्या वाट्याला जास्त आली. दूध घालायला डेअरीत गेली की कुणीतरी म्हणायचंच, "अक्का, उजवीकडं हुबं ऱ्हावा, डेअरी कलंल." ती हसून घ्यायची. मला मात्र तिनं एकदा स्पष्ट सांगितलं, "आता पाणी आलं तर मी माळ्यावर बसंन. त्या बोटीत पुन्हा पाय ठेवत न्हाई." मागच्या वेळी पाणी माळ्याला हातभर कमी होतं. मी किती समजावलं. तिचं उत्तर एकच, "परत सगळ्यांम्होरं माप काढून घिऊ व्हय?"

शनिवारी सकाळी टेम्पोत धुण्याचं मशीन टाकून मी शेडवर पोचले. आधी कडबा काढला, मग कोंबड्या. डाव्या अंगाला, रस्त्याकडून दिसेल अशी, स्टीलची भलीमोठी पाटी होती. बोट देणाऱ्या देणगीदाराचं नाव, खाली सरपंचांचं, त्याखाली आणखी चौघांचं. पाटीखाली गंजाचा तांबूस ओघळ होता. मी तो पुसला. दुपारी बघितलं तर ओघळ पुन्हा आला होता.

धुतलेलं पाणी केव्हाच वाळलं होतं. मग हे कुठलं? मी पाटीचा खालचा स्क्रू सोडवला, आणि भोकातून पाण्याची धार लागली. काळपट, गाळाचा वास मारणारी. मी खाली बादली धरली. ती भरली, दुसरी भरली. तिसरी अर्ध्यावर आली तेव्हा धार थांबली.

या बोटीच्या दोन्ही अंगांना बंद पोकळी असते. तिच्यात हवा, म्हणून बोट तरंगते. त्या पोकळीत यांनी पाटीसाठी चार भोकं पाडली होती. रिकामी बोट असली की पाटी पाण्याच्या वर. माणसं बसली, बोट खाली दबली, की पाटी पाण्यात. पुराच्या चार-पाच दिवसांत फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या आणि डावी बाजू आतून भरत गेली. तेच पाणी वर्षभर शेडमध्ये बसून होतं. मी त्या बादल्यांकडं बघत राहिले आणि मला रडू आलं. दुःखानं नाही, संतापानं. बोट पाटीवरच्या नावांनी कलली होती, आणि वर्षभर बोलणी बायकांनी खाल्ली.

सरपंचांना बोलावून घेतलं. त्यांनी बादल्या बघितल्या, पाटी बघितली, आणि म्हणाले, "ते सोमवारनंतर बघू की. पाटी लावा परत. देणगीदार सोता येणार हाईत."

"पाटी लावली तर परत पाणी शिरणार."

"ताई, तुमी पुसायचं काम करा. बोटीचं आमी बघतो."

पुसायचं काम. तेवढं पुसलं नसतं तर यांना अजून कळलं नसतं. मी म्हटलं, "मग पाटी तुम्ही तुमच्या हातानं लावा. आणि सोमवारी देणगीदारांसमोर मी ह्या बादल्या ठेवते, ओवाळायला."

सरपंचांनी मिशीवरून हात फिरवला, बादल्यांकडं बघितलं आणि म्हणाले, "शेडच्या भिंतीवर लावतो."

मी बोट डावीकडं कलती करून तळाशी उरलेलं पाणी काढलं, चारही भोकं घासली, रेझिन आणि फायबरच्या चटईचे तीन थर देऊन बुजवली. रविवारी बोट घाटावर पाण्यात उतरवली. पण नुसती तरंगून उपयोग नव्हता, माणसं बसायला हवी होती. मी अक्काकडं गेले. तिला शेडवर आणून बादल्या दाखवल्या. तिनं एका बादलीत हात घातला, तळाचा गाळ वर काढून बघितला. हात पदराला पुसला. घरी जाऊन गल्लीतल्या त्या सहाही जणींना घेऊन घाटावर आली.

सातही जणी त्या दिवशी बसल्या होत्या तशाच बसल्या. चालवणारा तोच होता. बोट मधल्या धारेपर्यंत गेली, वळली, परत आली. सरळ. मी काठावरून डोळा काढला नाही. घाटावर पंधरा-वीस बाप्ये उभे होते. डेअरीवाला होता, सरपंच होते. अक्का बोटीतूनच म्हणाली, "आता सांगा की, कोण सरकलंतं?"

एकजण म्हणाला, "पाणी वाढालंय वाटतं," आणि सगळे नदीकडं बघायला लागले. चुकलो म्हणायला यांच्या जिभेला काय झालं होतं, मला अजून कळलेलं नाही. सोमवारी भाषणात सरपंचांनी माझे आभार मानले. बोट चकाचक केल्याबद्दल. भोकांचं नाव नाही, बायकांचं नाव नाही.

त्या श्रावणात पाणी आलंच. अक्का माळ्यावर गेली नाही, गल्लीतून पहिली तीच बोटीत बसली, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या घरी पोचली. दिवस बुडायच्या आत आम्ही जेवायला बसलो, तेव्हा तिनं सांगितलं. बोट दारातून सुटताना तो चालवणारा सवयीनं ओरडला होता, "बायकांनो, हलू नका."

"मग?" मी विचारलं.

भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, "म्हटलं त्याला, आमी तवाबी हललो न्हवतो. तू बोट चालीव."