धाऊ आणि पलीकडची माती

धाऊचे पाय एका जागी ठरत नसत. डोळखांबच्या त्याच्या पाड्यावरचे लोक भात झोडून झालं की मिठागरांवर मजुरीला निघत. अडतीस साली मात्र त्याची बायको लहानी म्हणाली, "मी नाय येणार. पोटाशी सातवा म्हयना हाय."

त्याच हिवाळ्यात कसाऱ्याच्या रेल्वे गँगचा मुकादम वाल्मिक याने धाऊला आपल्या हुतुतूच्या संघात घेतलं. मोसमभर सामने होते. "शेवटचा जिंकून दे, गँगमध्ये कायमचा घेतो," असा त्याचा शब्द.

पण धाऊची एक खोड होती. चढाईला निघताना तो आधी वाकून रेघेपलीकडची माती कपाळाला लावी, मग दम धरी. पाड्यावर हे चालायचं. इथे पंच शिट्टी फुंकी: दम धरण्याआधी पलीकडे हात, बाद! चार सामन्यांत सहा वेळा.

"अरे, आपल्या बाजूची माती लाव की!" वाल्मिक खवळला.

"आपल्या घरात शिराया कोन इचारतं? दुसऱ्याच्या शिरायचं तर इचाराया नको?"

"मग खेळाआधीच इचारून ये, बाबा!"

हे धाऊला पटलं. शेवटचा सामना शहापुरात, मुरबाडकरांशी. खेळ सुरू होण्याआधी तो त्यांच्या बाजूला जाऊन माती कपाळाला लावून आला. "काय रं, काय हरवलं का?" ते हसले. मध्यंतरापर्यंत त्याने त्यांचे पाच गडी मारले.

मग बाजू बदलल्या. इतका वेळ जी आपली होती, ती आता मुरबाडची झाली. असं होणार हे आधी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. मध्यंतरानंतर वाल्मिकने धाऊला शेवटच्या चढाईसाठी राखून ठेवलं. गुण बरोबरीचे, चढाई शेवटची आणि रेघेपाशी धाऊचे पाय अडले. या मातीला विचारलंच नव्हतं! वाकावं तर बाद. कडेला लहानी कमरेवर हात ठेवून उभी होती. धाऊने दम भरला आणि तसाच शिरला. एकाला शिवून वळला तोच दोघांनी घोटे धरले. तो तोंडावर पडला, मातीत घासत, हुतुतू न सोडता सरकला आणि बोटं रेघेला टेकवली.

"सोमवारी कामावर ये!" वाल्मिक ओरडला.

बैलगाड्यांकडे धाऊ इतका झपाझप निघाला की लहानी मागे पडली. "अवो, दमानं! मिठागर टळलं ना? मग पळताय कुठं?"

"न इचारता गेलो गो."

तिने पदराने त्याचं बरबटलेलं कपाळ पुसलं. "सगळं तोंड घासलंत मातीत. याहून जास्त काय इचारायचं?"

धाऊला हसू आलं. पाय मात्र थांबेनात.